हाक आणि ओ

हाकेला ओ किती वेळाने येते यावरून घराचा विस्तार अजमावण्याची एक जुनी रीत आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातले हे घर त्या मापाने बरेच मोठे भरते. रस्त्यावरून अरुंद दिसणारा, आत मात्र लांबवर गेलेला दुमजली वाडा. पुढे ओटा, मग बैठकीची खोली, मग माजघर, त्याला लागून पूर्वी बाळंतिणीची म्हणून ओळखली जाणारी अंधारी खोली, आणि मागे पडवी. माडीवर दोन खोल्या. भिंती विटांच्या आणि चुन्याच्या, दीड फुटाहून अधिक जाड. गायकवाडी अमदानीत ज्यांनी त्या उभारल्या त्यांनी उन्हाचा विचार केला होता; आवाजाचा केला नसावा, किंवा एकत्र कुटुंबात आवाज जितका अडेल तितका बरा, असा केला असावा. खालच्या अंधाऱ्या खोलीतून मारलेली हाक माडीवरच्या मागच्या खोलीत पोचत नाही. मधल्या जिन्याला १४ पायऱ्या आहेत.

खालच्या त्या खोलीत २०२२च्या पावसाळ्यापासून अण्णा आहेत. न्हाणीत पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया यथासांग झाली आणि तरीही त्यांचे चालणे पुन्हा चालणे झाले नाही. वॉकर धरून पडवीपर्यंत जातात, तेही कुणी सोबत असेल तर. दिवसा सांभाळायला एक मावशी येतात. रात्र मुलाची. मुलगा म्हणायचे ते केवळ अण्णांच्या नात्याने. एरवी तो पन्नाशीचा गृहस्थ, औषधे बनवणाऱ्या एका कारखान्यात हिशेबनीस, चष्म्याचा नंबर वाढलेला, आणि गेली पंचवीस वर्षे संगणकावरच्या खेळांचा निस्सीम षौकीन. हा षौक त्याने कधी मिरवला नाही आणि कधी लपवलाही नाही. त्याच्या पिढीतल्या मध्यमवर्गीय मराठी माणसाला नाटकाचे, गाण्याचे वेड शोभते. चाळिशीनंतर खेळाचे वेड मात्र बायकोच्या माहेरच्या माणसांसमोर बोलायचे नसते, एवढे त्याला कळत होते.

माडीवरच्या मागच्या खोलीत त्याचा संगणक होता. पत्र्याची मोठी पेटी, तिच्यात चित्रे रेखणारे वेगळे कार्ड, ते तापू नये म्हणून पाच पंखे. खेळ जोरात आला की ती पेटी गिरणीसारखी घरघरते आणि खोलीतली हवा ऊन होते. असे यंत्र आजाऱ्याच्या उशाशी आणून ठेवणे अशक्य. मोठ्या पडद्याचा झगझगीत उजेड, पंख्यांचा आवाज, तारांचा पसारा, आणि ती खोली तर दहा बाय आठची, तीत दवाखान्यातल्यासारखी वरखाली होणारी खाट. सुमारे आठ महिने त्याने माडीवरचे दार उघडले नाही. त्याला त्याग म्हणावे इतके ते मोठे नव्हते. रात्री साडेनऊपासून पहाटेपर्यंत तो खाटेशेजारी खुर्चीत बसे, पेंगे, मोबाइलवर बातम्या सरकवी. अण्णांची झोप म्हणजे तासाभराची चुकार झोप. मध्येच "अरे" अशी हाक. पाणी, कूस, भांडे, किंवा नुसतेच "आहेस ना?"

अमेरिकेत शिकणारा भाचा २०२३च्या मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा त्याने मामाची अवस्था पाहिली आणि त्या वयाला साजेशा तत्परतेने दोन उपाय सुचवले. पहिला उपाय कॅमेऱ्याचा. अण्णांच्या खाटेवर रोखलेला एक लहानसा कॅमेरा बसवायचा, दोन-तीन हजारांत काम होते. मामाने माडीवर खुशाल खेळावे, पडद्याच्या कोपऱ्यात अण्णा दिसत राहतील, आवाजही येईल, हालचाल झाली तर घंटी वाजेल. दुसरा उपाय उलट दिशेचा. संगणक माडीवरच राहील, पंखे तिथेच घरघरतील, चित्र मात्र घरातल्या बिनतारी जाळ्यावरून खाली येईल आणि हातातल्या एका लहान यंत्रावर उमटेल.

तसे पाहिले तर पहिला उपाय स्वस्त, सोपा आणि अधिक कामाचा. पुष्कळ घरांत तो केलेला आहे आणि त्यात गैर काही नाही. पण हा प्रस्ताव अण्णांच्या कानावर गेला तेव्हा ते म्हणाले, "मला कुणी बघायला नको आहे. हाक मारली की ओ आली, एवढं पुरे." प्रश्न तेथेच मिटला. म्हाताऱ्याला पडद्याकडे न्यायचे की पडदा म्हाताऱ्याकडे आणायचा, असा तो प्रश्न होता. आणि दिसायला तो तंत्राचा असला तरी तंत्राच्या बाजूने त्याला उत्तर नव्हते.

दिवाळीत भाच्याने कुणाबरोबर तरी ते हातयंत्र पाठवून दिले. सात इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंना अंगठ्याखाली फिरणाऱ्या दोन दांड्या, बोटांखाली कळी. वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर. त्याच्या पोटात स्वतःची बुद्धी बेताचीच. खेळ चालवण्याइतके बळ त्याच्यात नाही. दुसरीकडे चाललेला खेळ दाखवणे आणि बोटांची हालचाल तिकडे कळवणे, एवढेच त्याचे काम.

या जातीच्या यंत्रांचा इतिहास फार जुना नाही. निन्टेंडो या जपानी कंपनीने नोव्हेंबर २०१२मध्ये वी यू नावाचे यंत्र विकायला आणले. त्याच्या हातातल्या फळीवर सहा इंचांहून थोडा मोठा पडदा होता आणि दूरचित्रवाणी दुसऱ्या कुणाला हवी असेल तर खेळ त्या फळीवर उतरवता येई. मात्र फळी मूळ यंत्रापासून फार दूर नेली की चित्र तुटे. ३१ जुलै २०१३ रोजी एन्व्हिडिया कंपनीचे शील्ड आले. किंमत २९९ डॉलर, आकार खेळाच्या नियंत्रकाला पाच इंचांचे झाकण बसवावे तसा. संगणकावरचा खेळ घरातल्या घरात दुसऱ्या खोलीत नेण्याची सोय त्यात होती. २०१४मध्ये स्टीम या खेळांच्या दुकानाने हीच सोय कोणत्याही दोन संगणकांमध्ये करून दिली. सोनीचे प्लेस्टेशन पोर्टल १५ नोव्हेंबर २०२३ला निघाले. ते संगणकाशी बोलत नाही, त्याच कंपनीच्या प्लेस्टेशन ५शी बोलते, आणि आरंभी तर घरात ते यंत्र नसेल तर पोर्टलचा काहीच उपयोग नव्हता. लोक नवल करीत की दुसऱ्याच्या जिवावर जगणारे हे यंत्र घेणार कोण, घेणारे निघाले. घरात माणसे अधिक आणि मोठा पडदा एकच, ही अडचण काही केवळ भारतातली नव्हे.

याहून मोठे स्वप्नही पाहून झाले होते. घरी संगणकच नको, दूरच्या कुठल्या तरी कोठारात खेळ चालेल आणि चित्र तेवढे घरी येईल, असे गूगलने नोव्हेंबर २०१९मध्ये स्टेडिया काढून सांगितले आणि १८ जानेवारी २०२३ला ते दुकान आवरले. त्याच्या पुढच्याच महिन्यात एन्व्हिडियानेही शील्डसाठी सुरू केलेली घरातल्या प्रक्षेपणाची आपली सोय काढून घेतली. तरी ती विद्या बुडाली नाही, कारण अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी २०१३च्या सुमारास तिच्याशी बोलणारी एक आज्ञावली लिहून सर्वांसाठी खुली केली होती. तिचे आजचे नाव मूनलाइट. दुसऱ्या टोकाला, म्हणजे संगणकावर बसणाऱ्या तशाच खुल्या आज्ञावलीचे नाव सनशाइन. चांदणे आणि ऊन ही जोडी कुणाला सुचली कोण जाणे, पण या वाड्यात माडीवर ऊन आणि खालच्या अंधाऱ्या खोलीत चांदणे, असा योग अगदी शब्दशः जुळून आला.

वाड्याच्या भिंतींनी मात्र पहिल्या रात्री काही चालू दिले नाही. बिनतारी जाळ्याच्या लहरी दोन पट्ट्यांत येतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते, पण तिथे गर्दी फार. शेजारच्या चार घरांची जाळी, हेडफोन, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, सगळे त्याच वाटेवर. ५ गिगाहर्ट्झची वाट मोकळी आणि रुंद, पण ती लहर जाड भिंतीपुढे दमते. माजघरातले लोखंडी कपाट तर दोघींनाही परतवून लावी. चित्र यायचे, थिजायचे, चौकोनाचौकोनांत फुटायचे. अखेर वायरमन बोलावून माडीपासून खालच्या खोलीपर्यंत तार ओढली आणि जाळ्याचा एक नवा डबा अण्णांच्या खाटेच्या पायगती, खुंटीच्या वर बसवला. दीड फुटी भिंत नव्याने पोखरावी लागली नाही. तिला एक भोक पूर्वीच पाडलेले होते. अण्णांच्या नोकरीमुळे या आळीत सर्वांआधी टेलिफोन आला होता, त्याची तार ज्या वाटेने गेली होती तीच वाट या तारेलाही पुरली.

अण्णा तार खात्यात होते. १९६० साली मोर्सचे शिक्षण घेऊन लागले, पुढे टेलिप्रिंटरवर बसले, आणि १९९७मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. १८५० साली कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्यामध्ये जी पहिली तार ओढली गेली तिचा वंश १४ जुलै २०१३च्या रात्री संपला. देशातली तारसेवा बंद झाली. शील्ड बाजारात आले ते त्याच महिन्याच्या अखेरीस. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. जगात त्या महिन्यात इतरही पुष्कळ काही झाले असेल. पण तारखा एकदा जवळजवळ आल्या की मनाला त्यांची गाठ मारल्याशिवाय राहवत नाही.

भिंतीत तार ओढली जात असताना अण्णांनी उशीवरून मान वळवून सगळे पाहिले आणि रात्री विचारले, "या तारेतून काय जातं?"

मुलाने सांगायला आरंभ केला. माडीवरचा संगणक सेकंदाला साठ चित्रे रेखतो. प्रत्येक चित्रात रुंदीला १९२० आणि उंचीला १०८० असे वीस लाखांहून अधिक ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला चोवीस खुणा. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे तीन अब्ज खुणा होतात. एवढे ओझे घरातल्या हवेतून नेणे कठीण. म्हणून कार्डातला एक वेगळा भाग ते चित्र आवळून बांधतो. पहिले चित्र बहुतांशी पुरते पाठवायचे. पुढच्यात जे बदलले तेवढेच सांगायचे. 'आकाश होते तसेच', 'डावीकडचे झाड चार ठिपके मागे सरकवा', अशा सूचना. त्यांवरून चित्र पुन्हा उभे करायचे काम खालच्या यंत्राचे. अशाने ते ओझे दीडशेपट हलके होते.

अण्णांनी डोळे मिटले होते. झोपले असे वाटत असताना म्हणाले, "म्हणजे शुभेच्छांच्या तारा."

शुभेच्छांच्या तारा आता किती जणांना आठवत असतील! तारघरात छापील यादी असे. दिवाळीच्या शुभेच्छा, नवदांपत्यास आशीर्वाद, परीक्षेतील यशाबद्दल अभिनंदन, प्रत्येक वाक्याला एक क्रमांक. पाठवणारा क्रमांक निवडी, तारेतून तेवढा क्रमांक जाई, आणि पलीकडचा तारमास्तर आपल्याकडच्या यादीत पाहून पुरते वाक्य लिहून देई. लग्नघरी पोचे ते अख्खे वाक्य; प्रवास मात्र एका आकड्याने केलेला असे. लग्नसराईत एका रात्रीत असे शेकडो आकडे हातावेगळे केल्याचे अण्णा सांगत. दोन्ही टोकांना यादी एकच असली पाहिजे, ही सगळ्या प्रकाराची मेख. आणि चित्र आवळण्याच्या आजच्या विद्येचीही तीच मेख आहे. पन्नास वर्षांच्या अंतराने दोघांच्या धंद्याची भाषा अशी अचानक एक झाली. मुलगा धंद्याने हिशेबनीस होता खरा, पण या बाबतीत अण्णांच्या लेखी तो आता खात्यातला झाला.

दुसऱ्या एका मुद्द्यावर मात्र अण्णांचे समाधान झाले नाही. तारेत एखादा शब्द अस्पष्ट आला तर पलीकडे विचारायचे आणि तो पुन्हा मागवून घ्यायचा, हा त्यांच्या नोकरीतला धर्म. 'मुलगा' की 'मुलगी', 'येतो' की 'येत नाही', यात चूक झाली तर घरे हादरतात. येथे मात्र वाटेत हरवलेला तुकडा परत मागत बसत नाहीत. थोडी जास्तीची माहिती आधीच बरोबर पाठवलेली असते, तिच्यावरून गहाळ भाग जुळवता आला तर जुळवायचा. नाहीच जुळला तर सोडून द्यायचा आणि पुढचे चित्र दाखवायचे.

"हरवलेला शब्द सोडून देता?" अण्णांचा स्वर खात्यातल्या वरिष्ठाचा होता.

"तो मागवून येईपर्यंत गाडी पुढे गेलेली असते, अण्णा. मग त्या शब्दाचं करायचं काय?"

अण्णांनी यावर होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही.

गाडी पुढे गेलेली असते, हेच या प्रक्षेपणाचे मर्म आहे. चित्रपटही घरात असाच तारेवरून किंवा हवेतून येतो, पण चित्रपटाचा शेवट आधीच ठरलेला असल्याने पुढच्या दहा-वीस सेकंदांचा साठा आणून ठेवता येतो. मध्ये वाट तुंबली तर साठ्यावर भागते. खेळाचा साठा करता येत नाही. पुढचे चित्र कोणते, हे अंगठा कुणीकडे वळतो यावर ठरायचे असते, आणि अंगठा अजून वळलेला नसतो. खालच्या खोलीत कळ दाबली की ती बातमी तारेने वर जायची, संगणकाने ती मानून नवे चित्र रेखायचे, आवळायचे, खाली धाडायचे, यंत्राने सोडवून दाखवायचे; आणि हे सगळे इतक्या लवकर की अंगठ्याला आपण दूरच्या माणसाशी बोलतो आहोत असा संशय येता कामा नये. एका चित्राच्या वाट्याला सुमारे सतरा मिलिसेकंद येतात. या घरात कळ दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा प्रक्षेपणाचा वाढावा सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास पडतो. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसालाच पाव सेकंदाच्या जवळपास लागतो, त्या मानाने हे काही नव्हे. नेमबाजीच्या खेळात तेवढेही खपत नाही; सावकाश खेळांत ते जाणवत नाही. तंत्रज्ञ त्याला विलंब म्हणतात. हाक आणि ओ यांच्यामधले अंतर, असे म्हटले तर अण्णांच्या वयाच्या माणसाला अधिक लवकर कळते.

या सगळ्याला बाहेरच्या इंटरनेटची गरज लागत नाही, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. उत्तरायणात बडोद्याच्या गच्च्यांवर मांजाने केबल कापल्या जातात. १४ जानेवारीला आळीतल्या सगळ्यांचे इंटरनेट संध्याकाळपर्यंत मेलेले होते, आणि वाड्यातल्या वाड्यात माडीवरून खालपर्यंतचा व्यवहार बिनबोभाट चालू होता.

खेळ कोणता, हे सांगायलाच हवे. चेकोस्लोव्हाकियाच्या विभागणीनंतरही राजधानीच राहिलेल्या प्रागमध्ये एक कंपनी आहे. तिने २०१२मध्ये युरो ट्रक सिम्युलेटर २ नावाचा खेळ काढला. त्यात मारामारी नाही, राक्षस नाहीत. मालमोटार चालवायची. युरोपातल्या एका गावातून माल उचलायचा आणि दुसऱ्या गावी वेळेत, न आपटता पोचवायचा. सिग्नल तोडला तर दंड, माल आपटला तर भाड्यात कपात, झोप अनावर झाली तर चालक जांभया देतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मग महामार्गालगतच्या थांब्यावर गाडी लावून निजावे लागते. नकाशा एकास एकोणीस या प्रमाणात आवळलेला आहे, तरी एका खेपेला अर्धा-पाऊण तास सहज जातो. रस्ता, पाऊस, काचेवरचा वायपर, पुन्हा रस्ता. मुलाच्या मित्रांना हा खेळ म्हणजे नोकरीच वाटे.

अण्णांना तो आवडला. आरंभी ते नुसते उजेडाकडे पाहत. मग त्यांनी खाटेचे डोके वर करून घेतले. मग विचारू लागले, "माल काय आहे?" कधी औषधे, कधी लाकूड, कधी ट्रॅक्टरचे भाग. "कुठे द्यायचा?" रॉटरडॅम, प्राग, कॅले, डोव्हर. यांपैकी काही गावांची नावे परदेशी तारांच्या पत्त्यांत अण्णांच्या हातांखालून गेली होती. रॉटरडॅमचे स्पेलिंग त्यांनी अक्षर न चुकता सांगितले आणि त्यांच्या हाताचे मधले बोट चादरीवर ठिपका-रेघ, ठिपका असे हलले. गाव त्यांनी तेव्हाही पाहिले नव्हते. आता पाहत होते ते गावही खरे नव्हतेच. पण तारेवर जितके होते त्यापेक्षा अधिक होते.

मुलगा आवाज बंद ठेवून खेळे. हा तपशील लहान दिसतो, पण सगळ्या व्यवहाराचा कणा तोच होता. डोळे रस्त्यावर, हात यंत्रावर, कान मात्र मोकळे. इंजिनाची घरघर, पावसाचा आवाज, मागून येणाऱ्यांचे हॉर्न, यांतले काही त्या खोलीत शिरत नसे. तिथे अण्णांचा श्वास, पंख्याची कुरकुर आणि पाल असली तर पाल.

गणपतीला ताई आली, दहा दिवस राहिली, आणि तिसऱ्या रात्री तिने जे पाहिले ते तिला सोसले नाही. "अण्णांच्या उशाशी बसून खेळतोस? लाज नाही वाटत?" ती इंदुरास सासूची सात वर्षे सेवा केलेली बाई होती, बोलण्याचा तिचा अधिकार मोठा होता. तिचे म्हणणे असे की जवळ बसणे म्हणजे केवळ शरीर खुर्चीत ठेवणे नव्हे. मनाने तू माडीवर असतोस, नाही तर त्या परमुलखात असतोस, आणि अण्णांना वाटते पोरगा जवळ आहे. ही एक प्रकारची फसवणूक आहे.

हे बोलणे उडवून लावण्याजोगे नव्हते. या यंत्रांची खुबीच ती आहे की माणूस दोन ठिकाणी असल्याचा भास ती उत्पन्न करतात, आणि अशा भासात खरा तोटा कोणत्या जागेला होतो हे सहज कळत नाही. जपाची माळ ओढणाऱ्याचे मन उशाशी असते असे मात्र कुणी पडताळून पाहिलेले नाही. पोथी वाचणाऱ्याचेही नाही. स्वेटर विणत बसलेल्या बाईला कुणी विचारीत नाही की तुझे लक्ष टाक्यांकडे की आजाऱ्याकडे. फरक इतकाच, की टाके वाट पाहतात आणि पडद्यावरचा रस्ता वाट पाहत नाही, असा समज आहे. वास्तविक एका कळीने तोही थांबतो. तो किती वेळा थांबतो, किती चटकन थांबतो, त्यावर ताईच्या प्रश्नाचे उत्तर अवलंबून होते, आणि ते उत्तर बोलून देण्यासारखे नव्हते. भावाने ते दिले नाही. वहिनी एवढेच म्हणाली, "पूर्वी नुसते बसायचे ना, तेव्हा सकाळी माणूस ओळखू येत नव्हता हो." ताईने पुढच्या रात्री स्वतः जागरण केले. खुर्चीत बसून रामरक्षा म्हटली, मग अण्णांशी बोलली, मग दोघेही गप्प झाले. पहाटे तीनच्या सुमारास अण्णांनी तिला विचारले, "आज गाडी नाही का?" तिने हे सकाळी जसेच्या तसे सांगितले, यात तिचा सच्चेपणा दिसतो. मत मात्र बदलले नाही, आणि बदलायला हवे होते असेही नाही.

डिसेंबर २०२४मधली एक रात्र. थंडी बरीच होती. चौदा टन औषधांचा माल घेऊन गाडी प्रागच्या दिशेने निघाली होती. अण्णा लवकर झोपले होते. दोनच्या पुढे केव्हा तरी त्यांच्या श्वासाची लय बदलली. मोठा झाला नाही, उलट लहान झाला, आणि दोन श्वासांच्या मध्ये बारीक घुर्र असा आवाज येऊ लागला. हाक आली नाही. हाक मारायला लागतो तेवढा श्वास त्यांच्यापाशी नव्हता. मुलाने यंत्र बाजूच्या स्टुलावर टाकले आणि "अण्णा, काय होतंय?" म्हणून त्यांना उठते केले, तेव्हा ओठ निळसर दिसत होते. थांबवण्याची कळ दाबायचे भान त्याला राहिले नाही. बायकोला उठवले, रुग्णवाहिका बोलावली, वाडीतल्या दोन पोरांनी खुर्चीत घालून अण्णांना रस्त्यापर्यंत आणले. न्यूमोनिया निघाला. वेळेत आणलेत, असे डॉक्टर म्हणाले. असे ते बहुधा सर्वांनाच म्हणत असावेत.

तिसऱ्या दिवशी दुपारी कपडे नेण्यासाठी तो घरी आला. खालच्या खोलीत यंत्र स्टुलावर काळेठिक्कर पडले होते; त्याची बॅटरी केव्हाच संपली होती. माडीवर मात्र पंखे घरघरत होते. खालचा पाहणारा गेला म्हणून वरचा खेळ आपोआप थांबत नाही. जोवर कुणी बंद करीत नाही तोवर संगणक कुणासाठीही नसलेली चित्रे सेकंदाला साठ या वेगाने रेखीत राहतो. खोली भट्टीसारखी तापली होती. पडद्यावर गाडी महामार्गाच्या कडेच्या कठड्याला टेकून उभी, दिवे चालू, चालकाच्या डोळ्यांवर अंधारी येतेय-जातेय, माल पोचवण्याची मुदत उलटून गेल्याची लाल सूचना वर लुकलुकते आहे. बाहेर तिथे पहाट होती. त्याने खेळ आहे त्या जागी राखून ठेवला, संगणक बंद केला, आणि स्वेटर, मफलर व दात ठेवण्याची डबी घेऊन तो निघाला.

अण्णा नवव्या दिवशी घरी आले. ऑक्सिजनचे एक यंत्र आता खाटेच्या डाव्या अंगाला असते आणि त्याचा आवाज संगणकाच्या पंख्यांपेक्षा फार कमी नाही. खोलीत आवाज नको म्हणून केलेल्या एवढ्या खटाटोपाचे हे असे झाले. पहिल्या दोन रात्री यंत्र स्टुलाखालच्या खणातच राहिले. तिसऱ्या रात्री अण्णांनी नळी नाकाशी नीट करून घेतली, खाटेचे डोके वर करायला खुणेने सांगितले आणि विचारले, "त्या मालाचं काय झालं?"

"उशीर झालाय, अण्णा. मुदत टळली."

"टाकून दिला?"

"नाही. गाडी कडेला उभी आहे."

"मग उशिरा का होईना, पोचता करायला हवा," अण्णा म्हणाले. "किती राहिलंय?"

त्याने वर जाऊन संगणक चालू केला, १४ पायऱ्या उतरून खाली आला, यंत्र हातात घेतले आणि पाहिले. १३२ किलोमीटर राहिले होते.